उंबऱ्याबाहेरचं जेवण

बुधवारी सकाळी अयोध्याबाईंनी दह्यासाठी फ्रीज उघडला आणि दह्याच्या मागे त्यांना एक अनोळखी डबा दिसला. त्यांच्या फ्रीजमध्ये अनोळखी डबा असणं हीच मुळात अघटित गोष्ट. कुणाकडून काय आलं, कुणाची वाटी परत द्यायची राहिली, हे ती बाई झोपेतसुद्धा सांगेल. डब्यावर नाव घातलेलं होतं, सुनेच्या आईचं. विहीणबाई तर महिन्याभरात इकडे फिरकल्या नव्हत्या. मग डबा आला कुठून, असं पुटपुटत त्यांनी झाकण काढलं.

आत मांस होतं, पण बोकडाचं नव्हतं. तीस वर्षं मटण धुतलेल्या बाईला एवढं एका नजरेत कळतं. हे फिकं, गुलाबीसर होतं आणि एका कडेला बोटभर पांढरीशुभ्र चरबी होती.

"हे काय हाय गं?" त्यांनी विचारलं. सून मागेच उभी होती.

सृष्टीनं मान खाली घातली. "आई, मी सांगणारच होते तुम्हाला. डुकराचं आहे."

अयोध्याबाई मटकन खाली बसल्या. डबा हातातून पडला नाही, ही गावच्या येडाई देवीचीच कृपा. तोंडाचा आ झालेला, फ्रीजचं दार सताड उघडं, आतला गार वारा अंगावर येतोय आणि मांडीवर ते. घरात नाग निघाला असता तरी त्या अशा बसल्या नसत्या, काठी तरी शोधली असती.

हे घर येरमाळ्यातलं, मराठ्याचं. बारा एकर जमीन आणि हायवेला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. घरात मांसाचं वावडं होतं असं कुणी समजू नये. बोकड म्हटलं की घरधनी दगडोबा चार भाकरी मोडायचे आणि वर नळी फोडून द्या म्हणायचे. पण तेसुद्धा स्वयंपाकघरात शिजत नसे. परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. अंड्याचा तवासुद्धा तिकडेच. हा सगळा कायदा सासूबाईंचा, सारजाबाईंचा. त्यांनी ऐन तारुण्यात मांस सोडलं ते सोडलंच, आणि त्र्याहत्तराव्या वर्षीही त्यांचं नाक असं की, मटणाची पळी चुकून घरात आली तर बाहेर लिंबाखालच्या बाजेवरून त्या ओरडत. अयोध्याबाई अठराव्या वर्षी या घरात आल्या. पहिल्याच आठवड्यात मटणाचं पातेलं त्यांनी आतल्या मोरीत घासलं, तर सारजाबाईंनी सगळी मोरी तीनदा धुवून घेतली होती.

अशा घरात अडीच वर्षांपूर्वी उत्कर्षनं, म्हणजे एकुलत्या एका पोरानं, मुरुमची वडार समाजातली मुलगी आणायची ठरवली. पोरगा पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर, पोरगी कळंबच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. दगडोबांनी चार महिने पोराशी अबोला धरला. भावकीनं कान भरले. सगळ्यांना वाटलं, म्हातारी तर आता आकाशपाताळ एक करणार. पण सारजाबाई बाजेवरून एवढंच म्हणाल्या, "पोरगी घरात आणा." का, ते कुणाला कळलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. आईच्या शब्दापुढे दगडोबा वाकले, मात्र लग्नाच्या बैठकीत सगळ्यांसमोर एक अट घातली. "तुमच्यातलं ते खाणं माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय. ज्या दिशी येईल, त्या दिशी पोरगी परत मुरुमला." सृष्टीनं हात जोडून ती अट मान्य केली होती, आणि दगडोबा दिल्या शब्दाचा माणूस होता. वाईट शब्दसुद्धा पाळणारा.

"तुला अट ठावं न्हवती?" अयोध्याबाई म्हणाल्या.

"ठाऊक होती."

"मग? घर मोडायचंय का तुला?"

सृष्टी समोर जमिनीवर बसली. तिच्या बांगड्या घरंगळत कोपरापाशी गेल्या. वर्षभरापूर्वी त्याच बांगड्या साबण लावून भराव्या लागल्या होत्या. लोकांच्या रक्तात काय कमी, काय जास्त ते सांगणाऱ्या पोरीचं स्वतःचंच रक्त सातावर आलं होतं. सात महिने पाळी आली नाही, आणि आली ती थांबेना. मधे एकदा दिवस राहिले, तेही टिकले नाहीत. थायरॉईड म्हणाले, पीसीओडी म्हणाले, हार्मोन बिघडलेत म्हणाले. हे हार्मोन नावाचं प्रकरण अयोध्याबाईंना काही उमगलं नव्हतं, पण ते आल्यापासून सुनेच्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले होते, एवढं त्यांना दिसत होतं.

सृष्टीनं पर्समधून सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंचा कागद काढला. त्यावर पेनानं एक गोल ताट काढलेलं होतं. अर्ध्या ताटात भाजी आणि कच्चं, पावभागात ज्वारीची भाकरी, उरलेल्या पावभागात अंडी, मांस किंवा डाळ-उसळ. तेल कमी, मीठ बेतानं, आणि रोज दुपारी एकच्या ठोक्याला जेवण.

"आई, अंडं उलटून पडतं. कोंबडी टिकत नाही. मटणाच्या वासानंच पोटात ढवळतं. वरणाचीही दोन वाटी जात नाही. बाईंनी विचारलं, लहानपणी काय आवडीनं खायचीस? मी आधी खोटंच सांगितलं. म्हटलं, वरणभात. त्या म्हणाल्या, खरं सांग, इथं तुझी सासू बसलेली नाही. मग खरं सांगितलं."

"आन त्या डॉक्टरीणबाईनं हे लिहून दिलं?"

"लिहून नाही दिलं. म्हणाल्या, जादू कशातच नसते, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण जे पोटात टिकेल ते खा. चरबी काढून, भाजी भरपूर घालून. अंगात ताकद आली तर गोळ्याही लागू पडतील. काल आई स्टँडवर आली होती. शिजवलेले दोन घास आणि हा डबा आणला होता. घास तिथंच खाल्ले. टिकले, आई. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटात अन्न बसल्यासारखं वाटलं."

विहीणबाई मुरुमहून तीन गाड्या बदलून येरमाळ्याच्या स्टँडपर्यंत आल्या आणि लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिता परत गेल्या, हा अयोध्याबाईंना दुसरा धक्का. पहिल्यापेक्षा तो जास्त आत लागला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांच्या डोक्यात भल्या वकिलालाही सुचलं नसतं असं काहीतरी आलं.

"तुझ्या सासऱ्यानं उंबऱ्याच्या आत म्हणलं हुतं," त्या सावकाश म्हणाल्या. "परसात म्हणलं न्हवतं."

फ्रीज उंबऱ्याच्या आतच होता, पण या मुद्द्याकडे त्यांनी साफ डोळेझाक केली. दगडोबा माल आणायला बार्शीला गेले होते, येणार थेट संध्याकाळी. उत्कर्ष पवनचक्कीवर. राहता राहिल्या सारजाबाई, लिंबाखाली बाजेवर डोळे मिटून पडलेल्या. "त्या उठायच्या आत उरकायचं," अयोध्याबाई म्हणाल्या. "चूल पेटवून देते. पण हात लावणार न्हाय म्या, आधीच सांगते."

सृष्टीनं लग्नाआधी हे कधी स्वतः शिजवलंच नव्हतं, आई आणि आजीच करायच्या. मटणासारखंच असेल म्हणून तिनं चरबी कापून बाजूला ठेवली, पातेलं चुलीवर चढवलं आणि तेलाची किटली उचलली.

"तेल कशाला वततीस त्यात?"

आवाज बाजेवरून आला होता. दोघी जागच्या जागी थिजल्या. सारजाबाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. अयोध्याबाईंना वाटलं, संपलं. आता म्हातारी गाव गोळा करणार, आणि दगडोबा येण्याआधीच पोरीची पिशवी भरली जाणार.

सारजाबाई उठल्या. काठी टेकत चुलीपाशी आल्या, पातेल्यात वाकून बघितलं आणि पाटावर बसल्या.

"त्याला त्याचंच सुटतं. हळदमीठ लाव आन कोरडंच टाक. वर झाकण. पानी सुटंल, ते आटू दे, मग वर जे तुपावानी तरंगंल ते काढून टाक. तुला बिनचरबीचं पायजे न्हवं?"

अयोध्याबाईंच्या हातातली फुंकणी खाली पडली. कालपर्यंत अंड्याचं टरफल दिसलं तरी तोंड फिरवणारी ही बाई! त्यांनी सुनेकडे बघितलं, सून त्यांच्याकडे बघत होती.

"आत्याबाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "हे कशाचं हाय, ठावं हाय न्हवं तुमाला?"

"नाक हाय मला."

"मग तुमाला ह्यातलं कसं काय..."

"जाळ बघ. लई झाला."

पुढचा पाऊण तास अयोध्याबाईंनी आपल्या आयुष्यात कधी बघितलं नाही ते बघितलं. सारजाबाई सांगत होत्या आणि सृष्टी करत होती. लसूण ठेचून घाल, सोलू नको. मिरं घाल, तिखट नको, आजारी पोट हाय. मग सुपातली आंबाडी दाखवून त्या म्हणाल्या, "ती कापून टाक सगळी. ह्याला आंबट लागतं, त्याबिगर जिभंला जड."

"आमची आजी असंच करायची," सृष्टी हळूच म्हणाली. "आंबाडी घालूनच."

सारजाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जाळाकडे बघायला लागल्या.

वास परसाची भिंत ओलांडून गेला. पलीकडून शेजारच्या धुरपदाबाईंचं डोकं वर आलं. त्या बाईला गावातल्या प्रत्येक चुलीवर काय आहे हे कळल्याशिवाय घास गोड लागत नसे. "काय शिजायलं गं अयोध्या? पाव्हणं आलेत व्हय?"

"औषधाचं हाय. सुनंला दिलंय डॉक्टरनं."

"असलं औषध आमाला बी दे की!" धुरपदाबाई हसत खाली गेल्या. अयोध्याबाईंनी मात्र पातेल्यावरचं झाकण घट्ट दाबलं.

एक वाजता अयोध्याबाईंनी स्वतः ताट वाढलं, हात लावणार नाही म्हणालेल्या त्या हातांनीच. अर्ध्या ताटात शेपूची भाजी, काकडी, गाजर. एक भाकरी, पातळ. आणि वाटीत आंबाडीतले मोजून सहा तुकडे. कागदावरच्या चित्राशी त्यांनी ते पडताळूनही बघितलं. सृष्टी पोत्यावर बसली. पहिला घास खाऊन थांबली, पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. दुसरा खाल्ला. तिसरा. चौथ्या घासाला ती थांबली नाही. अयोध्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्यांनी दाराकडे बघून घेतलं. चार महिन्यांनी सून जेवत होती, आणि काय जेवत होती!

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

बार्शीचा व्यापारी पोरीच्या लग्नात गुंतला होता, दुकान बंद होतं. दगडोबा अर्ध्या दिवसात परतले आणि घरात कुणी नाही म्हणून सरळ परसात आले. आधी त्यांना वास आला. मग चुलीवरचं पातेलं दिसलं, मग सुनेचं ताट. एका बाजूला काढून ठेवलेली ती पांढरी चरबी दिसली, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणं निवळतं. दगडोबांचा आवाज मात्र नेहमीपेक्षाही खाली आला. "पिशवी भर," ते सृष्टीला म्हणाले. "दोनच्या गाडीला बसवून देतो. उत्कर्षला तुझ्या मागं यायचं आसंल तर तो बी मोकळा हाय."

सृष्टी ताटावरून उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आवो, औषध म्हणून खायली ती," अयोध्याबाई मधे पडल्या. "म्याच वाढलंय. तिचं रक्त बघा, अंग बघा. चार महिन्यांनी..."

"तू गप बस. तुझं बी बघतो नंतर."

आणि तेव्हा सारजाबाईंनी टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला, पातेल्यातल्या रस्स्यात बुडवला, मांसाचा एक मऊ तुकडा त्यात धरला आणि तोंडात घातला.

दगडोबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हातारीला दात मोजकेच, ती सावकाश चावत होती. गिळून म्हणाली, "मीठ कमी हाय." मग अयोध्याबाईंकडे वळली. "माझी बी पिशवी भर, अयोध्या. म्या बी चालले मुरुमला. पर आधी तू खाली बस रं, दगडू."

"माय, हे काय केलंस तू!"

"बस म्हणते न्हवं!"

बावन्न वर्षांचा तो धिप्पाड माणूस चुलीसमोर मातीत बसला.

"बहात्तरचा दुष्काळ," सारजाबाई म्हणाल्या. "तू पोटात हुतास आन म्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथंच बाळंत झाले, खडीच्या ढिगामागं. चवथ्या दिशी दूध आटलं. आटलं म्हंजी थेंब न्हाय. खायला मिलोची, त्या सरकारी लाल जवारीची भाकर, ती बी आर्धी. तू रडायचास, मग रडायचा बी बंद झालास. तुझा बाप म्हनला, हे काय जगत न्हाय, जीव लावू नको. शेजारी वडारांची पालं हुती. त्यातल्या एकीच्या कडंवर तान्हं लेकरू. तिनं मला काय इचारलं न्हाय. तुला उचललं आन आपल्या छातीला लावलं."

दगडोबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला दूध येईस्तवर पाजलं तुला. आन दुपारी मुकादम जेवायला गेला की मला पालामागं बोलवायची. हेच, आंबाडी घालून. पयल्या दिशी म्या वकले. ती म्हनली, वकलीस तर अजून खा, लेकरू तुझं हाय, माझं न्हाय. एकवीस दिस खाल्लं म्या. तवा दूध आलं. दगडाच्या कामावर जगलास म्हनून दगडोबा नाव ठिवलं."

"खोटं बोलतीस तू," दगडोबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"येडाईची आण."

"मग इतकी वर्सं का न्हाय सांगितलं?"

"सासूनं घरात ठिवलं असतं का मला? तुला तरी ठिवलं असतं का? म्हनून म्या मांस सोडलं. असं सोवळं पाळलं, असं पाळलं, की कुनाच्या मनात बी येऊ नये."

अयोध्याबाई फुंकणी हातात घेऊन उभ्या होत्या. तीस वर्षं घासलेली ती वेगळी पातेली, तीनदा धुतलेली ती मोरी, एवढ्याशा पळीवरून खाल्लेली बोलणी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि आधी त्यांना संतापच आला. एका बाईच्या भीतीची भांडी आपण जन्मभर घासली! मग लग्नाच्या वेळचं सासूचं ते एकच वाक्य आठवलं, 'पोरगी घरात आणा', आणि संताप जागच्या जागी विरला. तिथं काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"नाव काय हुतं तिचं?" दगडोबांनी विचारलं.

"यल्लव्वा." सारजाबाईंनी ते नाव असं उच्चारलं, जसं नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतात.

"पुन्ना कधी भेटली न्हाय?"

सारजाबाईंची काठी मातीत रेघा ओढायला लागली. "भेटली. तू तीन वर्साचा हुतास. जत्रंला आलती, घर इचारत इचारत दारात आली. तिचं पोरगं बी संगं हुतं. तुला बघायला आलती. म्हनली, माझा दगडू कुठाय? माझी सासू दारातच हुभी. म्हनली, ही कोन गं? म्या म्हनलं, ठावं न्हाय."

त्यांनी काठीनं ओढलेली रेघ पायानं पुसली.

"मग तिनं पानी मागितलं. म्या उंबऱ्याच्या आतनं, तांब्या उच धरून, तिच्या वंजळीत वतलं. तिनं पेलं. तुझ्याकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं आन गेली. गाव कुठलं तिचं, ते बी म्या कधी इचारलं न्हवतं. कुठं हुडकू तिला?"

म्हातारीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. सृष्टी अजून तशीच उभी होती. तिच्या पायाशी अर्धं उरलेलं ताट होतं आणि त्यावर माशी बसत होती.

दगडोबा उठले. अयोध्याबाई दोन पावलं पुढे झाल्या, हे आता पातेलं लाथाडतात की काय या भीतीनं. ते पातेल्याकडे गेले नाहीत. परसाच्या कोपऱ्यातल्या रांजणापाशी गेले, झाकण काढलं, तांब्या बुडवून भरला. परत येताना पाणी हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडलं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सुनेसमोर येऊन त्यांनी तो तांब्या दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला.

"बस," ते म्हणाले. "भरल्या ताटावरनं उठू न्हाय."

सृष्टी बसली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण या माणसाला कुणासाठी रांजणातून पाणी काढताना अयोध्याबाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं.